सहा प्रश्नचिन्हं म्हणजे झडत्या

माझा धंदा साउंडचा. मांडव दुसऱ्याचा, लायटिंग तिसऱ्याची, आवाज माझा. दारव्हा तालुक्यातल्या दहा-पंधरा गावांत आणि तांड्यांवर लगन असो, भीम जयंती असो, सेवालाल महाराजांची जयंती असो, पोळा असो, नाहीतर कोणाच्या तेरवीचं भजन असो, चार टॉप, दोन बेस, एक मिक्सर आणि एक कॉम्प्युटर घेऊन मी हजर. टॉप, बेस, मिक्सर बिघडले तर दुपारी यवतमाळले नेऊन संध्याकाळी परत आणता येतात. कॉम्प्युटर यंदा होळीच्या सुमारास बदलला, त्याची ही गोष्ट. दोन दिवसांचं काम म्हणून हाती घेतलं होतं, पावसाळा लागला तरी पुरतं झालेलं नाही.

जुना कॉम्प्युटर २००९ सालचा, जोडून घेतलेला. तीनशे वीस जीबीची हार्डडिस्क. आधी विंडोज एक्सपी, नंतर सेव्हन. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ले, म्हणजे ऐन संक्रांतीच्या तोंडावर, सेव्हनचा हात सोडला. आम्ही सोडला नाही. त्याले नेटच नव्हतं, कोण काय करणार होतं! प्लायवूडच्या पेटीत गादीचा फोम कापून लावला होता, त्यात तो बसायचा आणि पिकअपमधून गावोगाव फिरायचा. एका हिवाळ्यात त्यात उंदरीण व्याली. तरी चालला. यंदा माघातल्या एका लगनात मात्र गाणं मधातच दोन सेकंद थांबायचं आणि आतून कोणी नखानं पेटी वाजवावी तसा टक-टक आवाज यायचा. हार्डडिस्कचा टक-टक आवाज म्हणजे बैलानं वखर ओढता ओढता बसकण मारणं. उठेल, पण त्याच्यावर पेरणी सोपवायची नाही.

मग यवतमाळहून वापरलेला लॅपटॉप आणला. आठ जीबी रॅम, पाचशे बारा जीबीची एसएसडी. बावीस हजार गेले.

भाचा पॉलिटेक्निकले आहे, सुट्टीत आला होता. तो म्हणाला, "मामाजी, गाणे तं सारे यूट्यूबवर हायेत. हा डबडा कायले सांभाळून रायले तुमी?"

त्याले मी तांड्यावरच्या एका कार्यक्रमाची आठवण करून दिली. तिथं टॉवर पकडायले टेकडीवर चढावं लागते. आणि जिथं रेंज असते तिथं काय होते, तेही आमच्या गावानं पाहिलेलं आहे. दुसऱ्या एका साउंडवाल्यानं गणपतीत मोबाइलवरून आरती लावली, आणि 'जय देव जय देव'च्या मधात बनियनची जाहिरात सुरू झाली. लोक हात जोडून उभे होते, ते तसेच उभे राहिले. देवाचंच काही असेल म्हणून.

पण खरं उत्तर ते नव्हतं. खरं उत्तर तेव्हा मलेही माहीत नव्हतं.

आमचा गाण्यांचा साठा कॉम्प्युटरच्या आधीचा. वडील भोंगेवाले होते. बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर, बांबूले बांधलेले दोन भोंगे, आणि पत्र्याच्या पेटीत शे-सव्वाशे कॅसेटी. २०१० चा अख्खा उन्हाळा मी त्या कॅसेटी उतरवण्यात घालवला. कॅसेट उतरवायचा आडमार्ग नाही, साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, कॉम्प्युटरमागच्या निळ्या भोकात घालायची, ऑडॅसिटी, म्हणजे आवाज भरून घ्यायचं सॉफ्टवेअर, सुरू करायची आणि बसायचं. मधात लाइन गेली की पहिल्यापासून. सीडीच्या दर्जाची कच्ची फाइल मिनिटाले दहा एमबी खाते. १२८ ची, म्हणजे सेकंदाले १२८ किलोबिटची, एमपीथ्री केली तर मिनिटाले साधारण एक एमबी. मले तेव्हा जागेची हाव होती, सगळं १२८ वर केलं आणि कच्च्या फाइली पुसल्या. आता पस्तावतो. मोठ्या बेसवर ती झांज अशी वाजते की कोणी टिनावर गिट्टी ओतून राहिलं. आज तीच फाइल ३२० ची करून दिली तरी फाइलच फुगते, गेलेला आवाज येत नाही. ताक घुसळून लोणी एकदाच निघते.

तर असं जमवत जमवत यंदा डी ड्राइव्हमध्ये ११,४८२ फाइली होत्या, चौऱ्याहत्तर जीबी. फोल्डर गायकांच्या नावानं नाहीत. आमच्या धंद्यात गायक कोण विचारते! फोल्डर कामाच्या नावानं. हळद. वरात. पंगत. बिदाई. जयंती. लेंगी, म्हणजे होळीले तांड्यावर लागते ती. भुलाबाई. खंजिरी भजन. देवी. पोळा. पंधरा ऑगस्ट. मौत. हे शेवटचं नाव घरी कोणाले आवडत नाही, पण रात्री दोनले फोन आला तर 'शोकप्रसंग' कोण शोधत बसणार?

पण फोल्डर म्हणजे नुसतं कोठार. कोठारात ज्वारी आहे म्हणून भाकर होत नाही. खरं काम याद्यांत होतं. विनॅम्प या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी वर्षानुवर्षं प्लेलिस्टी लावलेल्या. एकूण तेवीस. प्रत्येकीमागं एखादं भांडण, एखादी शिवी, नाहीतर एखाद्या म्हातारीनं दिलेली चहाची कपबशी आहे.

एक यादी आहे 'नऊ पन्नास'. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा देशभरचा नियम आहे, २००० सालचा, सकाळी सहापर्यंत. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते, पण आपल्या गावच्या वरातीसाठी नव्हे. आता नाचणाऱ्या पोट्ट्यायले दहाच्या ठोक्याले बंद केलं की ते साउंडवाल्याच्या आंगावर येतात. म्हणून नऊ पन्नासपासून मी एकेक गाणं उतरतं लावतो. आधी ज्याच्यावर उड्या मारता येतात ते, मग ज्याच्यावर फक्त हात वर करता येतात ते, मग ज्याच्यावर जोडीदाराच्या गळ्यात हात टाकून डोलता येते ते. दहाले दोन मिनिटं कमी असताना गजानन महाराजांचं एक भजन. भजनावर कोणी शिव्या देत नाही. ही यादी जमवायले मले तीन सीझन लागले.

दुसरी यादी, आमच्या वरच्या आळीची. त्या आळीत एका घरच्या सुनेचं नाव आणि एका फार चाललेल्या आयटम गाण्यातलं नाव एकच. ते गाणं त्या आळीत वाजत नाही. विहिरीवरच्या एका भांडणातून हे मले कळलं.

आणि एक यादी 'बिदाई २'. नाव मुद्दाम असं, की कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोणी वाचलं तरी काही समजू नये. नवरी वाटेला लावताना जी गाणी लागतात त्यातली निम्म्याच्या वर बापाची आहेत. बापाचं अंगण, बापाचा उंबरठा, बाप दाराआड रडतो. 'बिदाई २' मध्ये बाप नाही. आई आहे, भाऊ आहे, आंब्याचं झाड आहे, सनई आहे. ज्या घरी बाप उरलेला नाही तिथं ही लागते. आमच्या भागात ही यादी वर्षातून किती वेळा लागते ते मी मोजत नाही.

आता गाणी जुन्यातून नव्यात हलवण्याकडे येतो.

पहिले दोन दिवस पेनड्राइव्हवर गेले. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह, तीन खेपा. एका खेपेले वीस जीबी जागा रिकामी दिसत असताना एक फाइल जाईना, 'फाइल फार मोठी आहे' म्हणे. ते सप्त्याचं शूटिंग होतं, पाच जीबीचं. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉर्मेट असला की एक फाइल चार जीबीच्या वर घेतच नाही, मग अख्खा पेनड्राइव्ह रिकामा का असेना. एक्सफॅटमध्ये फॉर्मेट केला, गेली. मधात काही फाइलींवर कॉपी अडकायची, 'पुन्हा प्रयत्न करा की सोडून द्या' विचारायची. मी 'सोडून द्या' दाबलं. त्याच्याखाली 'सगळ्यांसाठी हेच करा' अशी चौकट होती, तिथंही टिक केलं. उन्हाळ्याचे दिवस होते, पंखा बंद होता. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येते.

मग मी भाच्याले म्हणालो, "डी मधलं सारं आलं. सी मध्ये काय हाये, नुसतं विंडोज. मार फॉर्मेट." मुलीले एमएस-सीआयटीची प्रॅक्टिस करायची होती, जुना कॉम्प्युटर तिच्यासाठी साफ करायचा होता.

भाच्यानं विचारलंही, "पक्कं ना मामाजी?"

"पक्कं."

याद्या सी मध्ये होत्या. विनॅम्प त्या गाण्यांजवळ ठेवत नाही, विंडोजच्या पोटात कुठंतरी एका लपलेल्या फोल्डरात ठेवतो. पंधरा वर्षं रोज उघडत होतो आणि त्या कुठं राहतात हे एकदाही पाहिलं नव्हतं. घरची किल्ली कुठल्या खुंटीवर असते हे बायकोले माहीत असते, तसं.

नव्या लॅपटॉपवर गाणी उघडली ती वेगळीच करामत. विंडोजच्या प्लेअरनं माझे फोल्डर मोडून गाणी आपल्या मनानं लावली, गायकाप्रमाणे. आणि पाहतो तर हजारो गाण्यांचा गायक एकच, कुठली तरी वेबसाइट. एमपीथ्रीच्या पोटात एक वेगळी चिठ्ठी असते, त्यात गाण्याचं, गायकाचं नाव लिहिलेलं असते. फाइलचं नाव बदललं तरी ती चिठ्ठी तशीच राहते. फुकटच्या गाण्यांवर त्या वेबसाइटवाल्यांनी आपला शिक्का मारून ठेवलेला. आणि माझ्या कॅसेटींमधली चारशेच्या वर गाणी 'ट्रॅक ०१'. चारशे 'ट्रॅक ०१' एकाखाली एक पाहिले की माणसाले आपलं आयुष्यच तसं वाटायले लागते. तो प्लेअर काढला, विनॅम्प पुन्हा टाकला.

पहिली ऑर्डर अक्षय तृतीयेची, अडाण नदीपलीकडच्या एका गावात. याद्या नाहीत हे मले एव्हाना समजलं होतं, पण वाटलं, फोल्डर तर आहेत, निभवून नेऊ. हळद निभली. वरात निभली. दहाचंही कसंबसं निभलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरी निघाली, मी 'बिदाई'चा अख्खा फोल्डर प्लेअरमध्ये ओढून टाकला आणि जनरेटरमध्ये डिझेल पाहायले गेलो. पहिली सनई वाजली. दुसरं गाणं लागलं ते बापाचं.

पोरीचा बाप पाच वर्षांआधी गेलेला. कसा, ते आमच्या जिल्ह्यात विचारत नाहीत.

जनरेटरपासून मिक्सरपर्यंत पळत यायले मले चाळीस सेकंद लागले असतील. आलो तेव्हा कोणी रागावलेलं नव्हतं. मांडव चुपचाप होता. पोरगी गाडीच्या दाराशी थांबली होती, तिची माय खाली बसली होती. तिचा मामा माझ्याकडे पाहून राहिला होता, त्यानं फक्त हात थोडा वर केला, बस्स म्हणतात तसा. मी आवाज पाडला. गाडी तशीच गेली, गाण्याविना.

संध्याकाळी त्यानं पूर्ण पैसे दिले. एक रुपया कापला नाही. कापला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी भाच्याले बसवलं. त्यानं आधी गेलेल्या फाइली परत काढायचं एक सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर चालवलं. पण फॉर्मेट करून वर नवीन विंडोज बसलेलं, काही फाइलींची नावं निघाली, पोटात कचरा. मग मले आठवलं, २०१९ मध्ये मी सगळ्या याद्या एकदा डी मध्ये 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात सेव्ह केल्या होत्या. फोल्डर होता. तेवीसच्या तेवीस फाइली होत्या. घेतलेला बॅकअप सहा वर्षांत एकदाही उघडून पाहिला नव्हता, पण होता. आमच्या मंडळींनी त्या रात्री अकरा वाजता चहा ठेवला.

उघडली पहिली यादी. एकही गाणं वाजेना.

भाच्यानं ती यादी नोटपॅडमध्ये उघडली. मी तोंडात बोट घातलं. इतकी वर्षं मले वाटायचं यादी म्हणजे काही गुप्त मशीन असेल. ती तर किराण्याची चिठ्ठी निघाली. एका ओळीत गाणं किती सेकंदांचं ते आणि त्याचं नाव, खालच्या ओळीत ते कुठं ठेवलं आहे तो पत्ता. पुन्हा पुढचं गाणं, पुन्हा पत्ता. पत्ता सगळीकडे डी ड्राइव्हचा, आणि नव्या लॅपटॉपले डी ड्राइव्हच नाही. पोस्टमन गाव बदललं म्हणून चिठ्ठ्या परत नेत होता, इतकंच. नोटपॅडमध्ये शोधा-आणि-बदला असते. डीचा पत्ता काढून नवा पत्ता घाल म्हटलं, एका झटक्यात एका यादीतले सगळे बदलले. तेवीस याद्या अर्ध्या तासात. मी भाच्याच्या पाठीवर थाप मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा. हे पायलं का?"

निम्म्या नाही, पण बऱ्याच ओळींत नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एकामागं एक, बांधावर तार ठोकावी तशी. आम्ही मोजलं, सगळ्या याद्या मिळून ६४० ओळी, त्यातल्या २१४ प्रश्नचिन्हांच्या.

झालं असं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मी गाण्यांची नावं इंग्रजी अक्षरांत टाकायचो, मराठी टायपिंग येत नव्हतं. ते यायले लागल्यावर हौसेनं देवनागरीत टाकायले लागलो. आणि याद्या सेव्ह करताना जो जुना प्रकार निवडला, एमथ्रीयू, त्याले देवनागरी लिहिताच येत नाही. जे अक्षर ओळखीचं नाही त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह टाकतो. त्याच्या शेजारीच एमथ्रीयू-एट नावाचा प्रकार होता, त्यात सगळ्या लिप्या चालतात. मी वरचा निवडला कारण तो वर होता. आणि एकदा प्रश्नचिन्ह पडलं की मागं अक्षर उरत नाही. ते झाकण नाही, की उचललं तर खाली सापडेल.

भाचा म्हणाला, गेले २१४. झोपा.

झोप कुठची! मी ओळी वाचत बसलो. वाचत म्हणजे काय, प्रश्नचिन्हं पाहत. पोळ्याच्या यादीत आलो. फोल्डरचं नाव इंग्रजीत होतं म्हणून ते वाचता येत होतं: पोळा. पुढं सहा प्रश्नचिन्हं, आणि पुढं २०१४. आकडे मी नेहमी इंग्रजीच टाकायचो, म्हणून ते वाचले होते. खालच्या ओळीत पुन्हा सहा प्रश्नचिन्हं आणि २०१५. मग सहा आणि २०१६.

ते काय आहे मले माहीत होतं. पोळ्याले आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: एकेक जण पुढं येऊन चार-सहा ओळी फेकतो, भावाबद्दल, बोंडअळीबद्दल, सरपंचाबद्दल, सावकाराबद्दल, शेवटी सगळे मिळून महादेवाच्या नावानं गजर करतात, आणि मग दुसरा त्याच्यावर कडी करतो. माइक माझाच असतो, म्हणून २०११ पासून मी मिक्सरमधून ते कॉम्प्युटरात भरून घेतो. २०२० ची फाइल नाही, त्या साली कोरोनामुळे बैल घरच्या घरी पुजले. बाकी आहेत. प्रत्येक फाइलीचं नाव 'झडत्या' आणि साल.

पण 'झडत्या' तर तीन अक्षरं. प्रश्नचिन्हं सहा का?

भाच्याले हलवून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "मामाजी, कॉम्प्युटर तुमच्यासारखा नाही मोजत. झ एक, ड दोन, त तीन, पाय मोडला तो चार, य पाच, काना सहा."

म्हणजे जितकी अक्षरं, काने, मात्रा, पाय, तितकी प्रश्नचिन्हं. आणि शेजारी सेकंद लिहिलेलेच होते. आणि फोल्डर वाचता येत होता. तीन खुणा! पोलिसाले एवढ्यात चोर सापडतो.

तिथून पुढं आठ रात्री घरात हाच धंदा. लॅपटॉपवर फोल्डर उघडायचा, गाण्यांच्या लांबीचा रकाना लावायचा, लांबीप्रमाणे रांग करायची. यादीत २४७ सेकंद लिहिलं असलं की ४ मिनिटं ७ सेकंदांची गाणी शोधायची, एखादा सेकंद इकडं-तिकडं धरून. मग नावाची अक्षरं मोजायची. भाचा म्हणाला, मी याचा प्रोग्रॅम लिहितो, दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत त्याच्या मामीनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ऐंशी गाणी जुळवली. ती बचत गटाचा हिशेब ठेवते, साठानं भागणं तिच्या डोक्यात होते. ती पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "तीनशे एक? पाच एक पाहा!" आणि तिथं गाणं असायचं. प्रोग्रॅम तिसऱ्या दिवशी तयार झाला आणि चाललाही, पण ज्या गाण्यांची नावं मी २०१९ नंतर बदलली होती तिथं तो अडला. तिथं पुन्हा मामीच. "हे तं आपल्या घरच्या लगनात पंगतीले दोनदा लागलं होतं, लोक उठूनच नाही रायले, आठवते का?"

आठवत नव्हतं. तिले आठवत होतं.

झडत्यांची मात्र वेगळीच भानगड निघाली. २०१४ ची ओळ यादीत होती, फाइलच नव्हती. मग जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी मोजलं. जुन्या डी मध्ये ११,४८२, नव्यात ११,४६५. सतरा कमी. 'सोडून द्या, सगळ्यांसाठी.'

नशिबानं डी तसाच होता, फॉर्मेट फक्त सी झालेला. भाच्यानं रोबोकॉपी नावाचं विंडोजमधलंच एक हत्यार लावलं, ते काळ्या पडद्यावर चालते. ते एका फाइलीवर जाऊन बसलं ते बसलंच. रात्री लावून झोपलो, सकाळी त्याच फाइलीवर. मग कळलं, त्याले काही सांगितलं नाही तर न वाचणारी फाइल ते दहा लाख वेळा वाचायचा प्रयत्न करते, आणि दर वेळी मधात तीस सेकंद थांबते. मी हिशेब केला, एका फाइलीमागं ३४७ दिवस होतात. इतका चिवट माणूस तालुक्यात एकच आहे आणि तो उधारीवाला आहे. 'एकदाच प्रयत्न कर, एकच सेकंद थांब' असं सांगून पुन्हा चालवलं, शेवटी सतराही नावं अपयशाच्या रकान्यात आली. भाचा म्हणे पहाटे गारव्यात डिस्क जरा बरी चालते. खरं-खोटं माहीत नाही, पण पहाटे पाचले चार फाइली निघाल्या. उरलेल्या तेरांतली बारा सिनेमाची गाणी, ती कुठंही मिळाली. तेरावी झडत्या २०१४.

त्या साली वरच्या आळीतले एक म्हातारे शेवटचे तोरणाखाली उभे राहिले होते. कापसाच्या भावावर त्यांनी जे म्हटलं होतं त्यावर लोक हसले होते की बैल बुजले. पुढच्या पोळ्याले ते नव्हते. ते कुठं यूट्यूबवर नाही. ते कुठंच नाही, माझ्या त्या टक-टक करणाऱ्या डिस्कवर सोडून, आणि तिथं त्या फाइलीचं नाव दिसायचं, वजन दिसायचं, वाजायची नाही.

महिनाभर मी हे कोणाले सांगितलं नाही. मग एक दिवस गावच्या गुराख्याजवळ सहज बोललो. त्याच्याजवळ बटणांचा फोन, दिवसभर गळ्यात लटकवून गाणी ऐकत ढोरं चारतो. फार वर्षांआधी त्याच्या मेमरी कार्डात मीच गाणी भरून दिली होती. तो म्हणाला, "थे बुढ्याचं पायजे काय? माह्याजवळ हाये ना. दुपारी लावतो कधी कधी."

कार्डावरचे अंक घासून गेले होते, चार जीबीचं असावं. लॅपटॉपले लावलं तेव्हा माझा हात थोडा ओला होता. फाइल होती. अडतीस मिनिटांची, पस्तीस एमबीच्या आसपास. जुन्या डिस्कवर दिसणाऱ्या वजनाशी ताडून पाहिली, शेवटच्या बाइटपर्यंत तीच. सुरुवातीचे वीस सेकंद मीच 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' करतो, बारीक आवाजात, फार शहाण्यासारखा. मग घंटा, मग ते म्हातारे. गुराख्याले नवीन बत्तीस जीबीचं कार्ड भरून दिलं. त्यानं जुनंही परत मागून घेतलं. बरोबर केलं त्यानं.

आता सगळं तीन ठिकाणी आहे: लॅपटॉपमध्ये, एका बाहेरच्या डिस्कवर, आणि तशीच दुसरी डिस्क बहिणीच्या घरी दिग्रसले. याद्या गाण्यांच्याच फोल्डरजवळ ठेवल्या, देवनागरी येणाऱ्या प्रकारात, आणि पत्ता अर्धाच लिहिलेला, म्हणजे ड्राइव्हचं नाव न घालता, 'शेजारच्या फोल्डरात पाहा' एवढाच. उद्या घर बदललं तरी शेजार सोबत जातो. एक गंमत उशिरा कळली: कॉपी केल्यावर 'फाइल कधी तयार झाली' ती तारीख कॉपी केल्या दिवसाची होते, 'शेवटचा बदल कधी' ती मात्र जुनीच राहते. मी आधी पहिलीच पाहत होतो आणि माझी पंधरा वर्षं एकाच मंगळवारी झालेली दिसत होती.

२१४ पैकी २१३ ओळी जुळल्या.

एक राहिली आहे. 'बिदाई २' मधली सातवी. ३१२ सेकंद, चौदा प्रश्नचिन्हं. पाच मिनिटं बारा सेकंदांचं त्या फोल्डरात काहीच नाही. इतर फोल्डरांतही पाहिलं, हळदीतलं एक सापडलं, पण ते तिथं कोणी लावणार नाही, मीही लावलं नसतं. मंडळींनी चौदा अक्षरांची नावं जुळवून जुळवून एक वहीचं पान भरवलं. गुराख्यालेही विचारलं. ज्या घरांत ती यादी लागली होती त्यांना जाऊन विचारता येत नाही की तुमच्या पोरीच्या बिदाईले सातवं गाणं कोणतं होतं.

ती ओळ मी पुसलेली नाही. त्या जागी सध्या सनई लावतो, पाच मिनिटं बारा सेकंद कापून.